आत्याचं अर्धं डोकं

सभागृह इतकं भरलं होतं की मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली माणसं एकमेकांच्या श्वासानं घामाघूम झाली होती. पुढच्या रांगांत काळीभोर डोकी. मधल्या रांगांत तपकिरी, तांबूस, थोडी जांभळट. आणि अगदी मागे, दाराशी, ज्यांचा रंग उडून डोक्याचा गंजका पत्रा झाला होता अशी आशाळभूत मंडळी. कुणी कुठे बसायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. पण जसा रंग तशी खुर्ची, हे आपोआप होत गेलं होतं.

व्यासपीठावर केशबाबा बसले होते. केस कमरेपर्यंत आणि इतके काळे, की त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी दिवा लावावासा वाटावा.

"केस म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

आपल्या डोक्यावर इतकी वर्षं काय आहे, हे आपल्याला ठाऊक नाही, अशी एक लाज सभागृहावरून सरकत गेली.

"केस म्हणजे आत्म्याचं गवत. आत्मा सुकला की गवत पांढरं पडतं. तुम्ही बाजारातून रंगाचं पाकीट आणता, गवताला फासता. गवत मनात हसतं. आठ दिवसांत रंग पळून जातो. का पळतो?"

"का पळतो?" सभागृहानं विचारलं.

"त्याला बांधून ठेवणारं कुणी नाही म्हणून."

मग बाबांच्या सेवकानं टाळी वाजवली आणि सगळे डोलत गाऊ लागले:

रंग गेला कुणाचा? ज्याचा नेम चुकला.
रंग राहिला कुणाचा? जो बाबांपुढं झुकला.

गाणं संपलं आणि चमत्कार सुरू झाला. बँकेतले मिशीवाले काका भीत भीत वर गेले. बाबांनी विचारलं, "कधी लावलास रंग?"

"कालच, बाबा. साहेब तपासणीला येणार होते."

"पाप ताजं आहे," बाबा म्हणाले. पांढराशुभ्र ओला रुमाल त्यांनी काकांच्या डोक्यावरून फिरवला आणि वर धरला. रुमाल काळा झाला होता. सभागृहातून एक लांब उसासा निघाला. काका मान खाली घालून उतरले, आणि उतरताना मिशीलाही हात लावून पाहिला.

"आता माझी पहिली शिष्या येईल," बाबा म्हणाले.

आणि माझी आत्या उठली.

पदर सावरत, जत्रेतल्या पाळण्यात बसायला निघालेल्या मुलीसारखी ती पायऱ्या चढली. तिचे केस गडद तपकिरी, दिव्याखाली मधासारखे चमकत होते.

"माई, कधी लावलास रंग?"

"झाला की महिना."

दुसरा पांढरा रुमाल तिच्या डोक्यावरून फिरला. बाबांनी तो उलगडून सगळ्यांना दाखवला. रुमाल दुधासारखा पांढरा होता. टाळ्यांनी छताचे पंखे हलल्यासारखे वाटले. त्या टाळ्यांमध्येच बाबांनी सांगून टाकलं की आता गावाबाहेर केशकुटी उभी राहणार, आणि ज्यांना जन्मभर रंग टिकवणारं जल हवं असेल त्यांनी आपली सगळ्यात लाडकी वस्तू कुटीला द्यायची.

"माई, तू काय देशील?"

आत्यानं क्षणभरही विचार केला नाही. "माझं शिलाई मशीन," ती म्हणाली.

मी मागे दाराशी, गंजक्या पत्र्यांमध्ये उभी होते.

त्या मशीनवर मी लहानाची मोठी झाले आहे. माझी आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. आत्यानं मला आपल्या एका खोलीत आणलं, मशीनखाली गोधडी अंथरली, आणि वरून पायडलची लय सुरू झाली की मी झोपून जायची. माझे शाळेचे फ्रॉक, माझी फी, माझा चष्मा, सगळं त्या सुईच्या टोकातून उतरलं. शिवताना ती गुणगुणायची:

सुई चाले पुढे पुढे, दोरा तिच्या मागोमाग,
रुसलेल्या कापडाचा दोघं घालवती राग.

तेच मशीन ती आता एका बाटलीभर पाण्यासाठी द्यायला निघाली होती.

घरी आल्यावर मी विषय काढला. आत्या गणवेशांच्या ढिगापाशी बसली होती. शाळा उघडायच्या आत ते सगळे शिवून द्यायचे होते, म्हणून ती बाबांकडून तेवढी मुदत मागून आली होती. शाळा उघडली की मशीन कुटीला.

"आत्या, तू केस रंगवतेस कशासाठी?"

"तुला काय सांगायला हवं? पांढऱ्या डोक्याच्या बाईकडे नव्या फॅशनचं कापड कोण टाकतं? म्हणतात, म्हातारी आहे, बाह्या फुग्याच्या करेल."

"म्हणजे शिवणासाठी."

"मग काय नाचायला?"

"आणि मशीन कशासाठी देतेयस?"

"रंग टिकावा म्हणून."

"आणि मशीन गेल्यावर शिवशील कशावर?"

आत्यानं समोरच्या डबीतल्या चार टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या. अडचणीचा प्रश्न आला की ती हेच करते. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून उत्तर मागणं म्हणजे माणुसकी सोडणं.

तिचंही काही खोटं नव्हतं. पार्लरमध्ये जाऊन रंगवणं तिला परवडत नव्हतं. घरच्या घरी स्वस्तातलं पाकीट कालवायची, वाटीतला शेवटचा थेंबही ब्रशनं निपटून घ्यायची, आणि दहाव्या दिवशी डोकं पुन्हा चहाच्या गाळासारखं. पुन्हा पाकीट, पुन्हा खर्च, पुन्हा मानेवर डाग. केशबाबांच्या नादी लागल्यापासून मात्र रंग खरंच टिकू लागला होता. मलाही ते दिसत होतं. मी डोळे मिटून नास्तिक नव्हते.

बाबांचे नेम असे होते. रंग लावल्यावर दोन-तीन दिवस डोक्याला पाणी नाही, कारण रंगाला सुतक असतं. पुढे आठवड्यातून एकदाच न्हायचं, तेही गार पाण्यानं, कारण गरम पाणी म्हणजे क्रोध. भरपूर फेस येणारा साबण नाही, कारण फेस म्हणजे गर्व. उन्हात डोकं उघडं नाही, कारण सूर्य सगळ्यांचं सगळं बघतो. पुढच्या वेळी रंग फक्त मुळांना लावायचा, टोकांना नाही, कारण टोकं म्हणजे गेलेला काळ. आणि हे सगळं करून झालं की बाबांच्या जलाचे चार थेंब टाळूवर. ते चार थेंब नसतील तर बाकीचं सगळं फुकट.

"एवढं सगळं केल्यावर चार थेंबांचं काम काय उरतं?" मी विचारायची.

"भाजीत मीठ किती असतं?" आत्या म्हणायची. "पण नसलं तर?"

आणि पुन्हा टाचण्या.

मी दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतिकेचं काम करते. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर, आमची खोली वरच्या मजल्यावर. डॉक्टरांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, त्यामुळे केसांच्या बाबतीत ते आमच्या गल्लीतले एकमेव निःपक्षपाती गृहस्थ. त्यांचे पांढरे कोट आत्याच धुऊन इस्त्री करून देते.

एके दुपारी पेशंट नव्हते. डॉक्टर दोन कोट हातावर टाकून जिना चढून आमच्या खोलीत आले.

"आत्या, रागावू नका. पण लोक मला विचारायला लागलेत, डॉक्टर, हा कोट कुणाच्या दातांनी पिवळा केला?"

आत्यानं कोट खिडकीपाशी धरला. पाठीवर, बाह्यांवर, खिशावर फिकट पिवळे शिंतोडे होते.

"इस्त्री गंजली असेल," ती ओशाळून म्हणाली. "तरी मागच्याच महिन्यात तळ घासून घेतला."

"आणि वास," डॉक्टर म्हणाले. "कोटाला गुलाबाचा वास येतो. काल एक गृहस्थ खुर्चीत बसले, डोळे मिटले, म्हणाले, बागेत आल्यासारखं वाटतंय. आणि तोंड उघडायलाच तयार होईनात."

आत्याचा चेहरा उजळला. "तुम्हालाही येतो तो वास? मला इस्त्री करताना रोज येतो. बाबा सूक्ष्म रूपानं येऊन जातात."

"माझ्या कोटात?" डॉक्टरांनी विचारलं.

इस्त्रीच्या टेबलावर दोन बाटल्या असायच्या. दोन्ही खोबरेल तेलाच्या जुन्या, निळ्या, आतलं काही दिसू नये अशा. झाकणांना आत्यानं तापल्या सुईनं भोकं पाडलेली. एकीतलं पाणी इस्त्रीआधी कपड्यांवर शिंपडायचं, दुसरीतलं बाबांचं जल केसांवर. घोटाळा होऊ नये म्हणून एका बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला होता.

डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात दार वाजलं आणि बाबांचा सेवक आत आला. खांद्याला कॅन. पहिल्या शिष्येला जल घरपोच मिळायचं. तो आठवड्याला यायचा, बाटली भरायचा, डोळे मिटून पुटपुटायचा आणि चहा पिऊन जायचा. एरवी त्या वेळी आत्या स्टोव्हपाशी असायची. आज ती कोट हातात धरून तिथंच उभी होती.

सेवकानं लाल दोऱ्याची बाटली उचलली, कपाळाला लावली आणि तीत कॅनमधलं पिवळसर पाणी ओतू लागला.

"अहो, ती काय भरताय?" आत्या म्हणाली. "ती कपड्यांची आहे."

"कपड्यांची कशी?" सेवक म्हणाला. "दोरा बांधलाय ना. पवित्र म्हणूनच बांधला असणार. मी पहिल्यापासून हीच भरतो."

"अहो, दोरा म्हणजे दुकानाचं. आमच्याकडे ज्याला दोरा ते कामाचं. गणवेशांच्या गठ्ठ्याला बघा, घाईच्या कपड्यांना बघा, कात्रीला बघा. तुम्ही इतके महिने या बाटलीत जल ओतताय?"

"आणि तुम्ही त्याचं काय करताय?"

डॉक्टरांनी कोटाची बाही नाकाशी नेली, हुंगली आणि हळूच म्हणाले, "माझ्या कोटाला मोक्ष मिळालाय."

सेवक चहा न पिता गेला. आत्या खुर्चीत बसली. बराच वेळ ती बिनदोऱ्याच्या बाटलीकडे पाहत राहिली. मग ती बाटली उघडून तिनं तळहातावर पाणी घेतलं. स्वच्छ, बिनवासाचं, नळाचं. झाकणाची भोकं नीट पडलीत का ते बघायला तिनंच पहिल्या दिवशी भरून ठेवलेलं.

"ही कधी कमीच होत नाही म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरले," ती म्हणाली. "म्हटलं, अक्षय जल आहे."

"आठवड्याला चार थेंब, आत्या. कमी होणार कुठून?"

तिचे डोळे भरले. मला वाटलं, संपलं. मशीन वाचलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो झटकून टाकला.

"श्रद्धा होती माझी," ती म्हणाली. "पाणी नळाचं असेना. श्रद्धेनं रंग टिकला. उलट हा तर दुप्पट चमत्कार झाला. शब्द दिलाय मी चारचौघांत, तो मोडायची नाही."

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र शांत होते.

"असेलही श्रद्धेनं," ते म्हणाले. "मी कशाला नाही म्हणू? पण आत्या, मी दाताला कीड आहे की नाही हे गालावर हात फिरवून सांगतो का? फोटो काढतो, बघतो. तसं हेही बघू. तुम्हाला भांग मधोमध पाडता येतो?"

"पाडते की. लहानपणापासून."

"मग झालं. डावीकडे बाबांचे सगळे नेम, पण जल नाही, नळाचे चार थेंब. उजवीकडे बाबांचं जल, चार कशाला, चाळीस थेंब घाला. पण नेम एकही नाही. गरम पाणी, फेसाचा साबण, ऊन. श्रद्धा दोन्हीकडे सारखी ठेवायची. शाळा उघडली की बघू कोणती बाजू टिकते. उजवी टिकली तर मशीन मी स्वतः उचलून कुटीत नेऊन ठेवतो."

"आणि डावी टिकली तर?"

"तर मला कोट पांढरे मिळू देत. एवढंच."

आत्यानं टाचण्यांच्या डबीकडे हात नेला, मग परत घेतला. "चालेल," ती म्हणाली. "बाबांची लाज राहील, बघाल तुम्ही."

एकाच दुपारी, एकाच पाकिटातला रंग, एकाच वाटीतून, मी तिच्या दोन्ही बाजूंना लावला. आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला विज्ञान म्हणायचं की सर्कस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

न्हाणीघरात ती पाटावर बसायची. डाव्या बाजूचे केस पिळून, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, पिशवीला कपडे वाळत घालायचे चिमटे. उजव्या बाजूवर मी वाफाळतं पाणी ओतायची आणि कपडे धुण्याच्या साबणाचा फेस काढायची.

"आहाहा," आत्या म्हणायची. "ही बाजू सुखात आहे गं."

"आणि ती?"

"तिचं व्रत चाललंय. तिला ऐकू जाऊ देऊ नकोस."

मग दाराआड अंग पुसून ती उजव्या बाजूवर बाबांचं पिवळं जल शिंपडायची, हात जोडायची, आणि शिवायला बसताना खिडकी उजवीकडे येईल अशी खुर्ची फिरवायची. डाव्या बाजूवर जुन्या गणवेशाचं कापड टाचून घ्यायची. न्याय करायचा तर नीट करायचा, हा तिचा शिवणातला स्वभाव. दोन्ही बाह्या सारख्याच मापून कापणारी बाई ती. श्रद्धेतही तिनं माप चुकू दिलं नाही.

पहिला आठवडा काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी आणि डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागलो. तिसऱ्यात आत्यानं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

उजवी बाजू तपकिरीवरून तांबूस झाली, तांबूसवरून गाजरी, आणि कानाशी सरळ सुतळीच्या रंगाची. डावी बाजू मधासारखीच. मधोमध पांढरा भांग, दोन शेतांमधल्या बांधासारखा.

फ्रॉकचं माप द्यायला आलेल्या एका चिमुरडीनं आत्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजी, कापड कमी पडलं का?"

आत्या ज्या क्षणाला इतकी वर्षं भीत होती तो हाच. लोक डोकं बघणार, हसणार, कापड उचलून दुसरीकडे जाणार. पण तीच आधी हसली. हसता हसता मापाची फीत तिच्या हातून सुटली. मुलीची आई हसली, मागे उभी असलेली बाईही हसली. आणि हसून झाल्यावर त्या दोघी कापड टाकून गेल्या. पुढच्या दिवसांत नुसतं डोकं बघायला म्हणून आलेल्या बायकाही पिशवीतून काहीतरी काढायच्या. कुणाचा परकर, कुणाचा उसवलेला पडदा. त्यांच्या शिलाईत सुतळीचा रंग कुठे उतरत नव्हता.

अशाच एका संध्याकाळी आत्या पायडलवर पाय ठेवून नुसती बसून होती.

"पोरी," ती म्हणाली, "माझी श्रद्धा दोन्हीकडे सारखी होती गं. मी तपासून पाहिली. उजवीकडे जरा जास्तच होती."

ती मशीनच्या लाकडावरून हात फिरवत राहिली, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

शाळा उघडली. सभेचा दिवस आला. सभागृह पुन्हा भरलं. व्यासपीठावर त्यागलेल्या वस्तू मांडल्या होत्या. मिक्सर, हार्मोनियम, टेबलफॅन, मिशीवाल्या काकांची सायकल, आणि कुणाचातरी न वापरलेला डिनरसेट. मशीनसाठी मधे जागा रिकामी ठेवली होती. दाराबाहेर हातगाडी उभी होती.

आत्या डोक्याला घट्ट रुमाल बांधून वर गेली.

"आली माझी पहिली शिष्या," बाबा म्हणाले. "मशीन खाली आहे ना, माई?"

"मशीन घरी आहे. आधी लोकांना रंग दाखवते."

तिनं रुमाल सोडला.

पहिल्या रांगेतून कुणीतरी "अगंबाई" म्हटलं, आणि तो शब्द रांगेरांगेनं मागे पोचेपर्यंत सगळे उभे राहिले होते.

"ही उजवी बाजू," आत्या म्हणाली, कापडाचा नमुना दाखवावा तशी मान फिरवत. "हिला बाबांचं जल. चार नाही, चाळीस थेंब. पण न्हायला गरम पाणी आणि भरपूर फेस, आणि दिवसभर ऊन. ही डावी. हिला सगळे नेम पाळले आणि जलाऐवजी नळाचं पाणी. रंग एकाच वाटीतला. आता कोणती बाजू कुणी टिकवली ते तुम्हीच बघा."

बाबांच्या कपाळावर घाम आला, पण आवाज गोडच होता. "माई, उजवीकडे श्रद्धा कमी पडली."

"बाबा, माझी श्रद्धा काय भांग पाडून बसलीय?"

हशा पिकला. बाबांनी हात वर केला. "ऐका. जल वाहतं. उजवीकडे घातलं, गुण डावीकडे उतरला."

"मग माझ्या मिशीला का नाही उतरला?" मिशीवाल्या काकांनी खालून विचारलं. त्यांनी जल डोक्याला लावलं होतं आणि आशा मिशीची ठेवली होती.

"आणि खरी श्रद्धा असेल," बाबा घाईनं म्हणाले, "तर नळाचं साधं पाणीसुद्धा जल होतं."

"म्हणजे नळ चालेल?" आत्यानं विचारलं.

"श्रद्धा असेल तर चालेल."

"मग कुटी कशाला? नळ घरी आहे."

आपण आत्ताच आपलं दुकान आपल्या हातानं बंद केलं, हे बाबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"पण रुमालाचं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. "रुमाल तर पांढरा राहतो. आम्ही डोळ्यांनी बघितलंय."

गल्लीतली पार्लरवाली उठली. "अहो, काल रंगवलेलं डोकं आज ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकं काळं होणारच. वरवरचा रंग सुटतो. महिन्यापूर्वीच्या डोक्यावर सुटायला काय उरतं? ते आधी विचारतात ना, कधी लावलास म्हणून. उत्तर ऐकूनच ठरतं, पापी कोण आणि पुण्यवान कोण."

"खोटं," बाबा म्हणाले.

आत्यानं टेबलावरचा पांढरा रुमाल उचलला, तांब्यात बुडवला आणि पिळला. "बाबा, जरा मान खाली घ्या. तुमच्याइतका पुण्यवान दुसरा कोण?"

इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? ते नाही म्हणायच्या आतच तिनं रुमाल फिरवला होता. नीट, हलक्या हातानं, लहान मुलाचं डोकं पुसावं तसा. आणि वर धरला.

रुमाल असा काळा झाला होता की मिशीवाल्या काकांचा त्यापुढे संताचा वाटावा.

पार्लरवाली जवळ जाऊन निरखून म्हणाली, "आज सकाळीच लावलाय. कानाच्या मागे धुवायचा राहिलाय, बाबा."

त्यानंतर बाबा काय बोलले ते मला सांगता येणार नाही, कारण ते कुणी ऐकलंच नाही. "माझा मिक्सर," असं कुणीतरी म्हटलं, आणि सगळं सभागृह वर चढलं. हार्मोनियम ओढताना वाजत होती. काका सायकलवर बसूनच खाली उतरायला निघाले होते, त्यांना आवरावं लागलं. एका बाईनं आपल्या टेबलफॅनला सगळ्यांसमोर मिठी मारली. सेवकानं कॅन उघडून आत काय आहे ते आम्हाला दाखवलं. पाण्यात मिठायांना घालतात तो पिवळा रंग, आणि वासाला गुलाबपाणी. बाबा त्या बिचाऱ्यालाही रोज कालवूनच देत होते, त्याला वाटे हे मंत्रानं पिवळं होतं. बाबा मागच्या दारानं गेले, डोक्यावर पंचा घेऊन. उन्हात डोकं उघडं ठेवायचं नाही हा नेम तेवढा त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

गर्दी ओसरल्यावर काही बायका आत्याभोवती थांबल्या. त्यांचे चेहरे उतरले होते. फसवले गेल्याचं वाईट वाटतंच, पण एक सुंदर गोष्ट खोटी निघाली याचं त्याहून जास्त वाटतं.

"पण रंग टिकला होता ना आमचा?" एकीनं विचारलं. "तो तर खोटा नव्हता."

"टिकलाच होता," पार्लरवाली म्हणाली. "केसांना बारीक खवले असतात, माशासारखे. गरम पाण्यानं, कडक साबणानं ते उघडतात आणि रंग निघून जातो. उन्हानं विटतो, गॅलरीतला पडदा विटतो तसा. कमी धुवा, गार पाण्यानं धुवा, डोक्याला रुमाल बांधा, सौम्य शाम्पू वापरा, नवा रंग नुसता मुळांना लावा. हेच मी तुम्हाला किती वर्षं फुकट सांगतेय. तेव्हा म्हणायचात, हिला तिचा शाम्पू खपवायचाय."

हे मात्र खरं होतं. साधी गोष्ट साध्या माणसानं साध्या शब्दांत सांगितली तर आपल्याला ती स्वस्त वाटते. तीच कुणी डोळे मिटून, गाणं म्हणून, वर चार थेंब शिंपडून सांगितली, की आपण तिच्यासाठी घरातलं मशीन उचलून द्यायला निघतो. त्या बाबांनी नवं काहीच केलं नव्हतं. बायकांच्या स्वतःच्या मेहनतीनं रंग टिकत होता, आणि त्याचं श्रेय त्यांनी बाटलीत भरून त्यांनाच परत विकलं होतं. म्हणून, वाचणाऱ्या बायांनो आणि बुवांनो, केस काळे करा, लाल करा, नाहीतर खुशाल पांढरे ठेवा. आपलं डोकं आहे. पण कुणी चमत्कार दाखवला की टाळी वाजवायच्या आधी एवढंच विचारा, की यातलं नेमकं काय काढून घेतलं तर हे घडायचं थांबेल? ते एक एक काढून बघा. जे काढल्यावरही काही बिघडत नाही, त्याच्यासाठी काही देऊ नका.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर बसली. उजवी बाजू तिनं तशीच ठेवली होती, गाजरी आणि सुतळी. म्हणाली, पाकीट उघडायला सवड नाही, कामं पडलीत. दारात एक नवीन बाई कापड घेऊन उभी राहिली. तिचं लक्ष कापडात कमी आणि आत्याच्या डाव्या बाजूत जास्त होतं.

"आत्या, रंग छान टिकलाय हो तुमचा इकडचा. कशानं?"

"गार पाण्यानं," आत्या म्हणाली. सुईत दोरा ओवला, पायडलवर पाय ठेवला आणि मान वर न करता पुढे म्हणाली, "पण मी म्हणते म्हणून मानू नकोस. अर्ध्या डोक्यावर करून बघ."